ओटा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने मशिदीच्या बांधणीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वास्तुविशारद नाही. धर्मशास्त्राचा तर मुळीच अधिकारी नाही. परंतु या अभ्यासवर्गाचे विषय ठरत असताना एका तरुण कार्यकर्त्याचे पत्र माझ्याकडे आले, आणि त्यातील प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

त्याच्या वस्तीतील जुनी मशीद मोडकळीस आली आहे. ती उतरवून नवी बांधायचे ट्रस्टींनी ठरवले आहे. नव्या इमारतीबरोबर एक वाचनालय, एक लहान दवाखाना आणि सर्वांना बसता-उठता येईल असे अंगण करावे, असा त्यांचा विचार आहे. वस्तीत मुसलमान आहेत, हिंदू आहेत, बौद्ध आहेत. आराखड्याच्या कामात ट्रस्टींनी आपल्या या कार्यकर्त्याची मदत मागितली आणि त्यावरून शाखेत दोन तट पडले. एक तट म्हणतो, धर्मसंस्थेच्या बांधकामाशी समाजवाद्यांचा संबंध काय? दुसरा म्हणतो, आजच्या विषारी वातावरणात मुसलमान बांधव काही चांगले करू पाहत असतील, तर प्रश्न न विचारता पाठिंबा द्यावा. पत्राच्या शेवटी त्याने विचारले आहे : सर, बरोबर कोण?

माझे उत्तर असे की, दोघेही सोप्या वाटेने गेले. दोघांपैकी कोणीही नकाशा उघडून पाहिला नाही. आज आपण तो उघडून पाहू.

अर्थशास्त्रात ‘सार्वजनिक वस्तू’ ही एक संज्ञा आहे. एकाने उपभोगल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही आणि जिच्यातून कोणाला वगळता येत नाही, ती सार्वजनिक वस्तू. पाठ्यपुस्तकांत दीपस्तंभाचे उदाहरण असते. ही व्याख्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. पण ‘वगळता येत नाही’ हे शब्द किती फसवे आहेत, ते मला फार उशिरा उमगले. वगळता येणे वा न येणे हा त्या वस्तूचा उपजत गुण नसतो. भिंत, फाटक, जिना, कुलूप, वेळापत्रक आणि लोकांची नजर यांनी तो ठरतो.

महाडचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला अस्पृश्याचा हात लागला नव्हता. आणि लागल्यानंतर काय मार खावा लागला, तेही आपण जाणतो. तेव्हा ‘सर्वांसाठी खुले’ ही पाटी वाचून थांबणे समाजवाद्यांना परवडणारे नाही. जागा कोणाची, हे त्या जागेवर निर्धास्तपणे कोण बसतो त्यावरून ठरते.

आता मशिदीकडे वळू. प्रार्थनास्थळाच्या शेजारी लोकोपयोगी जागा असाव्यात, ही कल्पना आधुनिक वास्तुविशारदांनी शोधून काढलेली नाही. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीचे काम १५५७ साली पुरे झाले. सिनान या थोर वास्तुविशारदाने तिच्याभोवती विद्यालये, रुग्णालय, स्नानगृह आणि गोरगरिबांना अन्न देणारे मुदपाकखाने उभे केले होते. या सर्वांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. आपल्याकडे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले गेले आणि त्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यावर यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी धान्य दळले जाई. पाणी, पीठ आणि प्रार्थना एकाच आवारात नांदत होती.

मात्र या जुन्या व्यवस्थेतील उणीवही सांगितली पाहिजे. ती दात्याच्या इच्छेवर उभी होती. देणगीपत्र लिहिणारा सुलतान किंवा सरदार. राबवणारा त्याने नेमलेला मुतवल्ली. आणि लाभ घेणारा हात पसरणारा. लाभ घेणाऱ्याला कारभारात शब्द नव्हता. आजच्या नव्या मशिदींकडे पाहताना मी हीच कसोटी लावतो : येथे येणारा माणूस याचक म्हणून येतो की भागीदार म्हणून?

पहिले उदाहरण ढाक्याचे. शहराच्या उत्तरेस फैदाबाद भागात बैत उर रौफ नावाची मशीद २०१२ साली पुरी झाली. वास्तुविशारद मरीना तबस्सुम. जमीन त्यांच्या आजीने दिली होती. इमारत उभी राहण्यापूर्वीच आजी वारल्या. पुढे नातीने नकाशाही काढला आणि पैसाही जमवला. निधी अपुरा असल्याने काम वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१६ साली या मशिदीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

तिला घुमट नाही, मिनार नाही. चौकोनी भिंतींच्या आत एक वर्तुळ आणि त्या वर्तुळात प्रार्थनेचा चौक, अशी तिची रचना आहे. जागेचा रोख आणि किब्ल्याची दिशा यांत तेरा अंशांचा फरक पडत होता. मधल्या वर्तुळामुळे आतला चौक तेवढा वळवता आला. भिंती साध्या विटांच्या, त्यांत जाळ्या ठेवलेल्या. छपराला गोल छिद्रे आहेत, त्यांतून उजेडाचे ठिपके फरशीवर पडतात. हवा खेळती असल्याने यंत्रांवाचून गारवा राहतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, वीजबिलाचा बोजा गरीब वस्तीच्या माथी कायमचा बसलेला नाही. बांधणे एकदाच असते, चालवणे रोजचे असते, आणि बहुतेक लोकोपयोगी संस्था या रोजच्या खर्चाखाली दबून मरतात.

पण माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तिचे जोते. पुराच्या प्रदेशात इमारत उंच जोत्यावर घेणे भागच असते. तबस्सुम यांनी ते जोते बाहेर वाढवून त्याचा प्रशस्त ओटा केला. दाटीच्या त्या वस्तीत मोकळी जागा अशी नाहीच. त्या ओट्यावर आता मुले खेळतात आणि म्हातारी माणसे गप्पा मारीत बसतात. नमाजाची वेळ नसली तरी ओटा रिकामा पडत नाही. आपल्या खेड्यांतील पाराचे किंवा चावडीच्या ओट्याचे हे सख्खे भावंड आहे. पुराचे पाणी अडवण्यासाठी जो खर्च करावाच लागणार होता, त्यातूनच वस्तीला बैठक मिळाली.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील नायजर देशाचे. दान्दाजी नावाच्या खेड्यात मातीची जुनी मशीद पडायला आली होती. ती पाडून नवी, मोठी मशीद बांधावी, असे गावकऱ्यांनी ठरवले होते. मरियम कमारा या नायजरच्या आणि यासमन इस्माईली या मूळच्या इराणच्या, अशा दोन स्त्री वास्तुविशारदांनी सुचवले की जुनी मशीद पाडू नये. ती दुरुस्त करून तिचे वाचनालय करावे आणि नवी मशीद त्याच आवारात तिच्यासमोर बांधावी. गावाने ते मान्य केले. २०१८ साली हे संकुल पुरे झाले. एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला वाचनालय व शिकण्याच्या खोल्या, आणि मध्ये दोहोंना सामाईक बाग व वाट. श्रद्धेची जागा आणि ज्ञानाची जागा समोरासमोर आहेत; एक दुसरीच्या पोटात गेलेली नाही.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. जुनी मशीद बांधणारे परंपरागत गवंडीच दुरुस्तीच्या कामावर बोलावले गेले आणि माती टिकाऊ करण्याची नवी रीतही त्यांना शिकवण्यात आली. नवी इमारत स्थानिक मातीच्या दाबून घट्ट केलेल्या विटांची आहे. सिमेंट गरजेपुरतेच वापरले आहे. म्हणजे बांधकामावरचा पैसा परदेशी सिमेंटच्या व्यापाऱ्याकडे न जाता पुष्कळसा गावच्या मजुरीत राहिला. आणि दुसरी गोष्ट : वाचनालय वेगळ्या इमारतीत असल्यामुळे पुस्तक हवे असणाऱ्याला प्रार्थनागृह ओलांडून जावे लागत नाही. ‘वेगळे दार’ ही वरवर पाहता क्षुल्लक बाब आहे. पण शेजारच्या परधर्मीय मुलीला वाचनालयात पाऊल टाकण्याचे धैर्य होईल की नाही, हे त्या दारावर अवलंबून असते.

तिसरे उदाहरण पुन्हा बांगलादेशाचे, आणि ते मला अस्वस्थ करणारे आहे. ढाक्याजवळ आशुलियाच्या औद्योगिक भागात एका कारखान्याच्या आवारात २०२३ साली जेबुन्नेसा मशीद उभी राहिली. तिचा आराखडा साइका इकबाल मेघना यांच्या संस्थेने केला. गुलाबी रंगाच्या काँक्रीटच्या भिंतींना असंख्य छिद्रे, शेजारी पाणी, आत वारा; आणि वरच्या बाजूस स्त्रियांसाठी प्रार्थनेची स्वतंत्र जागा. कापडाच्या धंद्यात राबणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी. त्यांची आठवण आराखड्यातच ठेवली गेली, ही साधी गोष्ट नव्हे. छायाचित्रे पाहिली तरी डोळ्यांना थंडावा वाटतो.

परंतु ती पाहताना राणा प्लाझा विसरणे मला शक्य होत नाही. आशुलिया आणि राणा प्लाझा एकाच सावार भागातले. २४ एप्रिल २०१३ रोजी ती आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे, मुख्यतः शिवणकाम करणाऱ्या कामगार स्त्रिया व पुरुष, गाडली गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी त्यांना कामावर यायला लावले गेले. या दुर्घटनेशी त्या मशिदीचा काहीएक संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. चांगली वास्तू उभारणाऱ्यांवर दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही. मला म्हणायचे ते एवढेच की, मालकाच्या आवारातली जागा कितीही सुंदर असली तरी ती कामगाराला मालकाच्या मर्जीने मिळते. तेथे त्याला वारा मिळेल. सभा घेता येईल का? प्रार्थनेच्या भिंतीला छिद्रे ठेवण्याची काळजी घेणारा समाज शिवणखात्याच्या जिन्याची आणि खांबांची तेवढीच काळजी घेतो का? सामाईक जागेचा प्रश्न मशिदीच्या उंबऱ्याशी सुरू होतो, पण तेथे संपत नाही.

चौथे उदाहरण इंग्लंडमधील केंब्रिजचे, जेथे मुसलमान अल्पसंख्य आहेत. आपल्याकडील परिस्थितीशी त्याचे साम्य अधिक आहे. ही मशीद २०१९ साली उघडली. वास्तुविशारद डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड. लंडनचे प्रसिद्ध मोठे चक्र त्यांचेच. आत लाकडी खांब झाडांसारखे वर जाऊन छताशी एकमेकांत गुंफलेले आहेत. पण मी पुन्हा दाराकडेच लक्ष वेधतो. रस्त्याला लागून प्रथम एक बाग आहे, जेथे कोणीही बसावे. बागेनंतर ओसरी. ओसरीनंतर मोठे दालन, ज्यात उपाहारगृह आहे. आणि त्यानंतर प्रार्थनागृह. रस्त्यावरचा माणूस आपल्या मनाच्या तयारीप्रमाणे हव्या त्या पायरीवर थांबू शकतो. त्याला कोणी आत ओढत नाही, कोणी बाहेरही हाकलत नाही. अनोळखी शेजाऱ्यांमधला संशय व्याख्यानांनी कमी होतो असा माझा अनुभव नाही. तो रोजच्या जाण्यायेण्याने, शेजारी बसून चहा पिण्याने कमी होतो. आणि त्यासाठी बसायला जागा लागते.

मित्रहो, आता दोन कठीण प्रश्न.

पहिला जुम्म्याचा. अर्थशास्त्रज्ञ ज्याला कमाल मागणीचा प्रश्न म्हणतात, तो येथे नेमका उभा राहतो. मशीद शुक्रवारी दुपारी तुडुंब भरते आणि इतर वेळी तिचा बराचसा भाग मोकळा असतो. एका तासाच्या गर्दीपुरते मोठे सभागृह बांधावे, तर गरीब वस्तीला खर्च पेलत नाही. न बांधावे, तर माणसे रस्त्यावर येतात. रस्त्यावर आली की काय होते, ते गुरुग्रामने दाखवले. तेथे २०१८ साली प्रशासनाने शुक्रवारच्या नमाजासाठी ३७ उघड्या जागा ठरवून दिल्या होत्या. विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांतील आठ जागांची परवानगी काढून घेण्यात आली. नवे शहर वसवताना दुकानांना, गाड्यांना जागा मिळाली. मजुरी करणाऱ्या माणसाच्या प्रार्थनेला मिळाली नाही. सामाईक अंगण हे यावर एक व्यवहार्य उत्तर आहे. शुक्रवारचा तासभर ते नमाजाला वापरावे आणि आठवड्याचा उरलेला सारा वेळ मुलांनी, म्हाताऱ्यांनी, सर्व वस्तीने वापरावे. मात्र हा व्यवहार दोन्ही बाजूंनी कबूल असला पाहिजे. शेजाऱ्यांनी तो तास मानावा आणि ट्रस्टींनी उरलेला आठवडा मानावा.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. मी सांगितलेल्या चारही मशिदींच्या आराखड्यांत स्त्री वास्तुविशारदांचा हात आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. जी स्त्री मशिदीचा नकाशा काढू शकते, तिला अनेक ठिकाणी त्याच प्रकारच्या वास्तूत बसायला जागा नसते. मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून २०१९ साली पुण्याच्या एका मुसलमान दांपत्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. याच प्रश्नावरील याचिकेच्या संदर्भात २०२३ साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयाला सांगितले की, स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढण्यास धर्माची मनाई नाही. मनाई नाही, हे उत्तम झाले. पण वजूची सोय, स्वच्छतागृह, जिना आणि बसण्याची जागा नकाशात नसेल, तर ही परवानगी महाडच्या नगरपालिकेच्या ठरावासारखीच राहील.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वाचनालय आणि दवाखाना देणे हे शासनाचे कर्तव्य नाही काय? धर्मसंस्थांकडे ती कामे गेली, तर माणसे नागरिक म्हणून नव्हे, जमातीचे घटक म्हणून जगू लागतील. मला हा धोका पुरेपूर मान्य आहे. म्हणूनच मशिदीतील दवाखाना हे नगरपालिकेच्या दवाखान्याची मागणी सोडून देण्याचे निमित्त होता कामा नये. परंतु नगरपालिकेचा दवाखाना येईपर्यंत तापाने फणफणलेल्या मुलाला सिद्धान्त पाजता येत नाही. मागणी चालू ठेवावी आणि मिळाली ती जागा सर्वांची करून घ्यावी, ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत.

आणखी एक सांगितले नाही, तर मी अप्रामाणिक ठरेन. या कसोट्या फक्त मुसलमानांना लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, ही आपल्याच घरातली गोष्ट आहे. आज देवळांची सभागृहे, जातींची मंगल कार्यालये, गृहसंस्थांची अंगणे यांना हेच प्रश्न विचारा. आणि आपल्या स्वतःच्या कार्यालयांनाही विचारा. आपल्या वाचनालयात संध्याकाळी किती स्त्रिया बसलेल्या दिसतात? मी हयातभर अशा वाचनालयांतून वावरलो आहे. मान वर करून उत्तर देता येईल असे मला वाटत नाही.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे सांगणे असे. ट्रस्टींकडे जरूर जा. पाठिंबा द्यायला नव्हे, पहारा करायलाही नव्हे. त्यांच्याबरोबर नकाशावर बसायला जा. त्यांना तीन गोष्टी विचार. वाचनालयाचे दार थेट रस्त्यावर उघडते का? त्याची किल्ली कोणाकडे असेल, आणि ती सांभाळणाऱ्या समितीत वस्तीतील स्त्रिया आणि इतर धर्मांची माणसे असतील का? दिवाबत्तीचा, पुस्तकांचा, औषधांचा रोजचा खर्च कोठून येईल आणि त्याचा हिशेब फलकावर लागेल का? प्रार्थनागृहाच्या आत काय व्हावे, हे ठरवणे त्यांचे काम आहे. त्यात तू पडू नकोस. अंगणाचे मात्र सर्वांनी मिळून ठरवू या, असे त्यांना नम्रपणे सांग. ही विनंती मान्य झाली, तर वीट वाहायलाही जा. आणि शेजारच्या हिंदू, बौद्ध घरांतही हिंडून ये, कारण ओटा बांधला गेला तरी त्यावर बसायला ती माणसे आली पाहिजेत.

१८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद त्यांचा खासगी होता. त्यांनी तो सार्वजनिक केला. आपल्या भोवती आज नेमके उलटे चालले आहे : जे सार्वजनिक होते त्याला कुंपणे पडत आहेत. अशा काळात एखाद्या गरीब वस्तीतील माणसे आपल्या प्रार्थनास्थळाचे अंगण सर्वांसाठी मोकळे करू म्हणत असतील, तर त्या अंगणाची मोजमापे नीट घेतली जातील एवढे पाहणे आपले काम आहे. ते केले, तर त्या पत्राचे उत्तर मी देण्याची गरज उरणार नाही. ओटा पुरा झाल्यावर मला कळवा. मी येऊन बसेन.